दोन आणे आणि रेशनकार्ड

दोस्तांनो, लढाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रणगाडे, विमानं, छातीवर पदकं लावलेले सेनापती. दुसऱ्या महायुद्धावरचे सिनेमे पाहिले असतील तर मग विचारूच नका! आज मात्र मी तुम्हाला अशा माणसाच्या घरी नेणार आहे, ज्यानं त्या सहा वर्षांत एकदाही हातात बंदूक धरली नाही. तो मुंबईत होता. लालबाग-परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर उभा. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, बरं का. पाठीमागं बायको, तीन मुलं आणि कोकणात म्हातारी आई.

त्याला आपण नुसतं ‘बाबा’ म्हणू. हे बाबा कुणी एक नाहीत. त्या वेळच्या गिरणगावातल्या कितीतरी घरांत जे घडत होतं, ते मी एका बाबांच्या नावावर सांगतोय. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दीड-दोन लाख कामगार होते. म्हणजे असे बाबाही तितकेच! तुमच्यापैकी काहींचे पणजोबा त्यांच्यात असतीलही.

बाबांचं घर म्हणजे चाळीतली एक खोली. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथल्या बीडीडी चाळी तुम्ही ऐकून असाल. आता त्यांतल्या काही ठिकाणी टॉवर उभे राहताहेत. त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तुमच्या वर्गाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोप, तिच्यातच मुलांचा अभ्यास. शिवाय गावाहून नोकरीसाठी आलेला एखादा भाचा नाहीतर मेहुणा, त्याची वळकटी गॅलरीत. पगार महिन्याला तीसेक रुपये. हसू नका! त्या तीस रुपयांत भाडं, धान्य, रॉकेल, कपडे आणि गावची मनीऑर्डर, सगळं बसवावं लागे. आणि ते बसे, हे महत्त्वाचं. जेमतेम, पण बसे.

मग ३ सप्टेंबर १९३९ आला. इंग्लंडनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी जाहीर करून टाकलं की हिंदुस्थानही युद्धात आहे. इथल्या पुढाऱ्यांना साधं विचारलंसुद्धा नाही. मग साच्यावरच्या बाबांना कोण विचारणार? महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवून सांगितलं, ही लढाई आम्हाला नको. पण लढाई काय, तुम्हाला हवी की नको ते विचारून येत नाही!

ती बाबांच्या घरात शिरली तांदळाच्या डब्यातून. आगगाड्या लष्कराचा माल वाहू लागल्या, जहाजं लढाईच्या कामाला लागली, व्यापाऱ्यांनी पुढचा अंदाज घेऊन माल दाबून ठेवला. भाव चढले. पगार मात्र तिथंच. आणि गंमत पाहा, गिरण्यांना त्याच वेळी बरे दिवस येत होते. लष्कराला खाकी कापड लागे, तंबू लागत. कापड जेवढं विणावं तेवढं कमीच. बाबांना कळत होतं ना! आपल्याच हातांखालून थानंच्या थानं निघताहेत, आणि आपल्याच घरात महिन्याच्या विसाव्या दिवशी डबा खडखडतोय.

म्हणून मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. मागणी एकच, महागाई भत्ता. पगार वाढवून मागितला नव्हता हं! मागणी एवढीच होती की भाव वाढल्यामुळं जे नुकसान होतंय ते भरून द्या. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियननं पुकारलेला हा संप चाळीसेक दिवस चालला. आता तुम्हीच विचार करा. तीस रुपये मिळवणाऱ्या घरात चाळीस दिवस एक पैसा येत नाही. वाण्याची उधारी चढते. आईचं मंगळसूत्र सावकाराकडं जातं. मुलाची फी राहते. बाबा सभेला जातात आणि घरी येऊन गप्प बसतात. मला विचाराल तर आघाडीवर जाण्याइतकंच धैर्य यालाही लागतं, पण याच्यावर सिनेमे फारसे निघत नाहीत.

पदरात काय पडलं? सरकारनं नेमलेल्या समझोता मंडळानं सुचवलेला भत्ता होता दिवसाला दोन आणे. सोळा आण्यांचा एक रुपया, तेव्हा दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग. संप मोडला आणि कामगार त्यापेक्षा फार काही न मिळवता कामावर परतले. पण भाव वाढले की भत्ता द्यायला हवा, ही गोष्ट आता कुणाला उडवून लावता येईना. पुढं मुंबईच्या गिरण्यांत हा भत्ता निर्देशांकाला बांधला गेला.

निर्देशांक! शब्दाला घाबरू नका. पाटी-पेन्सिल घ्या, आत्ता समजावून देतो. (पाटी कुठली आता तुमच्याकडं! वही घ्या.)

समजा, लढाईआधी एका घराचा महिन्याचा खर्च ३० रुपये होता. धान्य-किराणा १५, रॉकेल-सरपण ३, कापड ३, भाडं ५ आणि बाकी किरकोळ ४. आता समजा धान्य दुप्पट महाग झालं, म्हणजे ३० रुपये. रॉकेल-सरपणही दुप्पट, ६. कापड तिप्पट, ९. भाडं तेवढंच राहिलं, ५. किरकोळही तेवढंच, ४. बेरीज करा. ५४ आली? जे आधी ३० रुपयांत येत होतं, त्याला आता ५४ लागतात. आधीच्या खर्चाला १०० मानलं तर आताचा आकडा किती? ५४ भागिले ३०, गुणिले १००. उत्तर १८०. झाला निर्देशांक! आणि त्या घराला जुन्यासारखंच जगायचं तर पगारावर २४ रुपये भत्ता हवा.

हे आकडे मी तुम्हाला समजावं म्हणून घेतलेत. खरा हिशेब मुंबई सरकारचं मजूर कार्यालय करत असे. त्याची माणसं चाळींतून फिरून विचारत, महिन्याला डाळ किती, तेल किती, विडी-काडीला किती. त्यावरून कामगाराच्या घरखर्चाचा नमुना ठरे आणि दर महिन्याला त्याच वस्तूंचे भाव पाहून निर्देशांक निघे. लढाई संपायच्या आत हा आकडा दुपटीच्या वर गेला होता.

हिशेब चोख, पण एक मेख होती. कार्यालय भाव धरणार सरकारनं ठरवून दिलेला. आणि त्या भावानं वस्तू दुकानात मिळाली तर ना! पुढच्या दरवाजानं “माल संपला” आणि मागच्या दरवाजानं दुप्पट दाम. कागदावरचा भाव एक आणि गल्लीतला भाव दुसरा, ही तक्रार कामगार सतत करत राहिले. काळाबाजार हा शब्द मुंबईच्या पोराटोरांच्या तोंडी बसला तो याच काळात.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि बाबांची काळजी बदलली. तोवर युद्ध दूर होतं, युरोपात नाहीतर आफ्रिकेत. आता १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले. मुंबई तर केवढं मोठं बंदर! मग तिला कोण सोडणार? रात्री दिवे झाकायचा हुकूम निघाला. रस्त्यावरच्या दिव्यांना काळी टोपी, खिडक्यांना काळा कागद. अंधारातून रात्रपाळी करून घरी यायचं म्हणजे ठेचा ठरलेल्या. घाबरून लोक गावाकडं निघाले.

अशा वेळी घरच्या कर्त्या माणसानं काय करायचं? बायको-मुलांना गावी धाडावं तर दोन घरं चालवावी लागणार. ठेवून घ्यावं तर बाँबची भीती. आणि आपण स्वतः गेलो तर खाडे पडून नोकरीच जाणार. बऱ्याच बाबांनी मधला रस्ता काढला. मुलं-बायको गावी, स्वतः मुंबईत. जेवण खानावळीत, झोप चाळीत, महिन्याला मनीऑर्डर. चार मुलं आणि आजी कंदिलाभोवती बसून बाबांचं पत्र वाचताहेत असं चित्र तुमच्या मनात आलं असेल, पण तो कंदीलसुद्धा जपून लावावा लागे. रॉकेल मिळेना! ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तसं तिथून येणारं तेलही थांबलं.

आणि तांदूळ. रंगून पडलं आणि इकडं कोकणी माणसाच्या ताटातला भात कमी झाला, हे ऐकायला विचित्र वाटतं ना? पण हिंदुस्थानात दरवर्षी ब्रह्मदेशाहून लाखो टन तांदूळ येत असे. मुंबईच्या बंदरातही उतरे. तो एका फटक्यात बंद झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची गर्जना झाली. ती हकिकत तुम्ही शाळेत शिकताच. गवालिया टँक मैदान बाबांच्या गिरणीपासून दूर नव्हतं. मुंबईच्या गिरण्या काही दिवस थांबल्या, अहमदाबादच्या तर तीन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या. देशासाठी बाहेर पडावं हे खरंच, पण गावची मनीऑर्डर? दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात चालू होत्या. त्याला आज आपण घरबसल्या भित्रा किंवा शूर ठरवू नये.

आता रेशनकार्डाची गोष्ट. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. घरात माणसं किती ते मोजून कार्ड मिळे. ठरलेलं दुकान, ठरलेला भाव, माणशी ठरलेलं माप. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला थोडं जादा. तांदूळ कमी, मग उरलेल्या मापात गहू नाहीतर ज्वारी. कोकणातल्या बायकांना भाकरी येत नव्हती असं नाही, नाचणीची तर रोजचीच. पण गव्हाची पोळी हा काही त्यांच्या घरचा रोजचा प्रकार नव्हता. शेजारच्या घाटावरच्या बाईकडून ज्वारीची भाकरी शिकायची आणि तिला आपल्याकडचं माशाचं कालवण शिकवायचं, असे सौदे चाळीच्या गॅलरीत झाले असतील यात मला शंका नाही!

रांगेत तासन्‌तास जात. बाबा पाळीवर, आई नळावर, म्हणून रांगेत बरेचदा मुलंच उभी राहत. तुमच्याएवढीच. धान्यात खडे, किडे, कुबट वास. लोक रेशनला मनसोक्त शिव्या देत आणि त्या देण्यासारख्याही होत्या. पण त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये काय झालं ते ऐका. तिथं धान्याचे भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले आणि वेळेवर रेशनिंग झालं नाही. कलकत्त्यात ते १९४४ उजाडल्यावर आलं, खेड्यांपर्यंत तर पोचलंच नाही. भुकेनं आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी जे लोक मेले त्यांचा अंदाज तीस लाखांपर्यंत जातो. मुंबईच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या हातातला तो मळका पुठ्ठा किती मोलाचा होता, ते यावरून समजेल.

तुमच्यापैकी कुणाला जुनी नाणी जमवायचा नाद आहे? मग तुमच्याकडं भोकाचा पैसा असेलच. मधोमध गोल भोक पाडलेला! तो १९४३ मध्येच निघू लागला. लढाईला धातू लागत होता, म्हणून नाण्यातूनही धातू वाचवला. रुपयातली चांदी तर आधीच घटवली होती आणि १९४० मध्ये एक रुपयाची नोटही आली होती. लोकांनी काय केलं? जुनी चांदीची नाणी मडक्यात घालून ठेवली. सुट्टे पैसेही बाजारातून गडप झाले. दुकानदार सुट्ट्यांऐवजी चिठ्ठी नाहीतर टपालाचं तिकीट हातावर ठेवी. आजही कधी कधी सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देतात, तसंच. फक्त ते चघळता येत नसे.

कापडाचं मात्र मला राहून राहून वाईट वाटतं. बाबा दिवसभर कापड विणत होते. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या. आणि त्यांच्या बायकोला नवं लुगडं मिळत नव्हतं. भरपूर माल लष्कराला जाई, उरलेल्याचे भाव लढाईआधीच्या काही पटींवर गेले. अखेर जून १९४३ मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि कापडावरच किंमत छापायची सक्ती केली. आज तुम्ही बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत बघता ना, तशी ती लुगड्या-धोतरावर आली. सरकारनं गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं स्वस्त कापडही काढलं. तेही रांग लावूनच.

युद्धाचा मोठा आवाज बाबांनी ऐकला तो १४ एप्रिल १९४४ ला. शुक्रवार होता. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात काय काय होतं? सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा! कापूस आणि स्फोटकं शेजारी शेजारी. दुपारी कापसातून धूर येऊ लागला. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत राहिले. आत काय आहे ते कळल्यावरही ते तिथून हलले नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. सिमला मुंबईहून सरळ रेषेत सुमारे चौदाशे किलोमीटरवर!

गिरणगावात लोकांना वाटलं, आले जपानी. चाळीतली माणसं खाली धावली. आणि मग हळूहळू कळत गेलं. आकाशातून जळता कापूस पडतोय, गोदीजवळच्या वस्त्या पेटल्यात. ज्या घरातला माणूस गोदीत हमाल होता, त्या घरातल्या बाईची ती रात्र कशी गेली असेल? सरकारी आकड्यानुसार सातशेहून जास्त माणसं दगावली. खरा आकडा याहून मोठा असावा असंच बहुतेकांना वाटतं. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तुमच्या शाळेत बंब येऊन प्रात्यक्षिक दाखवतात, ते याच आठवड्यात.

वर्तमानपत्रांना बातमी सविस्तर द्यायची परवानगी मिळायला मे महिना उजाडला, कारण युद्धाची सेन्सॉरशिप. शहरभर काळा धूर, आणि छापायची चोरी! सोन्याच्या विटांबद्दल मात्र सगळ्या मुंबईला ठाऊक झालं. एक वीट तर बऱ्याच लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली होती. गाळ उपसताना अशा विटा पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या. बाबांच्या दृष्टीनं सोन्यापेक्षा महत्त्वाची बातमी दुसरीच होती. गोदामांतलं पन्नास हजार टनांहून जास्त धान्य त्या आगीत गेलं होतं. म्हणजे उद्यापासून रांग आणखी लांब.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, ऑगस्टमध्ये जपान. मुंबईत रोषणाई झाली. खिडक्यांवरचे काळे कागद निघाले, कोकणातून बायका-मुलं परत आली. तीन वर्षांत मुलं एवढी वाढली होती की बाबांनी लांबून धाकट्याला ओळखलंच नाही, असं कितीतरी धक्क्यांवर आणि एस्टॅ नसलेल्या त्या काळातल्या कितीतरी गाडीतळांवर घडलं असेल.

रेशनकार्ड मात्र तसंच राहिलं. भावही खाली उतरले नाहीत. डिसेंबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्य मिळाल्यावर, सरकारनं धान्यावरची नियंत्रणं उठवायला सुरुवात केली, तेव्हा भाव असे भडकले की वर्षभरात ती पुन्हा आणावी लागली. चाळीतल्या बाबांनी कार्ड फेकून दिलं नव्हतं, हे बरंच झालं. ते देवाच्या फोटोमागंच खोचलेलं होतं.

आणि ते दोन आणे? तुमच्या घरी कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्या पगाराची पावती मागून पाहा. मूळ पगाराच्या खालीच ‘महागाई भत्ता’ असं लिहिलेलं सापडेल. तो दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो, औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाप्रमाणं. त्या निर्देशांकासाठी आता २०१६ सालच्या भावांना १०० मानतात. आकडा मिळाला की वहीतलं आपलं ते गणित पुन्हा करून बघा. तांदूळ, तेल, भाडं, कापड. आजच्या यादीत मोबाइलचं रिचार्जही घालायला विसरू नका.